इंजिन बांधलं, टायमिंग चुकलं

घरी इंजिन खोलून पुन्हा बांधणाऱ्यांच्या तक्रारी एकमेकींसारख्याच असतात. बुलेटची किक उलटी मारते. पद्मिनी सेल्फवर फिरते, कार्ब्युरेटरमधून फटाका काढते आणि थांबते. मारुती ८०० चालू होते, पण चढाला दम तोडते. चेतक सुरू होते, थोड्याच वेळात तापते आणि गार होईपर्यंत किकला दाद देत नाही. लेथवाल्याने बोअर नीट मारलेला असतो, रिंग-पिस्टन चांगल्या मेकचे असतात, ऑइल नवं असतं. मग कुणी जाणकार सायलेन्सरचा आवाज ऐकून सांगतो, ‘टायमिंग आउट आहे.’ तेवढ्यावर डिस्ट्रीब्युटरचा नट ढिला केला जातो, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

प्रस्तुत पुस्तक या घोळातून बाहेर पडण्याची वाट दाखवतं. त्याचा विषय अरुंद आहे, आणि तो मुद्दाम अरुंद ठेवला आहे. चालत्या गाडीचं टायमिंग बिघडणं वेगळं आणि नुकत्याच बांधलेल्या इंजिनाचं टायमिंग चुकणं वेगळं. चालत्या गाडीत एखादी वस्तू झिजलेली किंवा ढिली झालेली असते, बाकी सगळं जागच्या जागी असतं. मेकॅनिक त्या एका वस्तूचा माग काढतो. खोललेल्या इंजिनात मात्र सगळे संदर्भ एकदमच सुटलेले असतात. चेन निघालेली, डिस्ट्रीब्युटर निघालेला, प्लगच्या वायरी निघालेल्या, हेड फेस झालेलं, पॅकिंग बदललेलं, पॉइंट नवे. चूक पाच ठिकाणी असू शकते, आणि दोन चुका एकमेकींना झाकूही शकतात.

नवख्या वाचकासाठी आधी मूळ हिशेब. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. त्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, मिश्रण आत घेणं, दाबणं, जाळणं आणि जळका वायू बाहेर टाकणं ही चार कामं उरकायची असतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅम ठरवतो. ठिणगी कधी पडायची हे जुन्या गाड्यांत सीबी पॉइंट ठरवतात, नंतरच्या गाड्यांत पिकअप कॉइल. व्हॉल्व्हचं टायमिंग इंजिन बांधताना एकदाच बसतं आणि ते दातांच्या हिशेबात बसतं. ठिणगीचं टायमिंग बाहेरून फिरवता येतं, अंशाअंशाने. बाहेरून फिरवता येतं म्हणून पहिला संशय नेहमी त्याच्यावर जातो, भले चूक आत चेनवर असो.

ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोचण्याआधीच का टाकायची? मिनिटाला ३,००० फेरे घेणारं इंजिन सेकंदाला ५० फेरे घेतं, म्हणजे १८,००० अंश. सिलिंडरमधलं मिश्रण पेटून पुरता दाब तयार व्हायला दोन मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर तेवढ्यात क्रँक ३६ अंश पुढे गेलेला असतो. हाच हिशेब ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला केला तर दहा अंशही भरत नाहीत. म्हणून आयडलिंगला ठिणगी टीडीसीच्या थोडी आधी आणि वेग वाढेल तशी आणखी आधी पडावी लागते. या वाढत्या आघाडीला गॅरेजमध्ये ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. ती कमी पडली तर जळण उशिरापर्यंत चालतं, सायलेन्सर लाल होतो, इंजिन तापतं आणि ओढत नाही. जास्त झाली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब पडतो आणि नॉकिंग किंवा उलटी किक पदरी येते.

ही आघाडी सांभाळणारी यंत्रणा घडायला निम्मं शतक गेलं. १८६० मध्ये एतिएन लेन्वारच्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी होती. निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं, पण ते पेटवायला त्याने सरकत्या झडपेतून आत जाणारी ज्योत वापरली. डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांत बाहेरून तापवलेली नळी असे. दाब वाढला की मिश्रण त्या तापलेल्या नळीत शिरून पेटे. ते नेमकं कधी पेटेल हे चालवणाऱ्याच्या हातात जवळजवळ नव्हतंच. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून स्पार्क प्लग तयार केला, आणि ठिणगीचा क्षण बऱ्यापैकी नेमका झाला. पुढे चार्ल्स केटरिंगची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर चालणारी पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आली. भारतात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत धावलेल्या कितीतरी गाड्या मुळात याच पद्धतीवर चालत होत्या.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात, स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत. उजवी थ्रॉटलची, डावी ठिणगीची. गाडी हँडल मारून सुरू करताना डावी दांडी मागे घ्यायची, चालू झाली की पुढे सारायची. ती पुढे राहिली आणि कुणी हँडल मारलं, तर हँडल उलटं फिरून मनगट मोडे. आजही टायमिंग फार ॲडव्हान्स बसलेल्या बुलेटवर जोरात किक मारणाऱ्याच्या घोट्याला तेच बसतं. पुढे डिस्ट्रीब्युटरमध्ये वजनं, स्प्रिंग आणि व्हॅक्यूमचा डबा आला आणि त्या दांडीचं काम आपोआप होऊ लागलं. त्यानंतर पॉइंट जाऊन सीडीआय आलं, मग कॉम्प्युटरने चालणारं इंजेक्शन. मारुती ८०० मध्ये ते २००० साली आलं. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकीही इंजेक्शनवर गेल्या. या गाड्यांत फिरवायला डिस्ट्रीब्युटरच उरलेला नाही. टायमिंग चुकलंच तर ते चेनच्या किंवा बेल्टच्या दातावर किंवा एखाद्या सेन्सरवर चुकतं.

आपल्याकडे घरी इंजिन बांधणाऱ्यांचं जग मात्र बरंचसं या बदलाच्या आधीचं आहे, आणि त्याचे धागे महाराष्ट्राशी घट्ट जुळलेले आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि तिची पुढची आवृत्ती पद्मिनी बाहेर पडली. १,०८९ सीसीचं, ब्लॉकमध्ये कॅम असलेलं, सरळ स्वभावाचं इंजिन. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ नंतर रस्त्यावरून गेली, पण खाजगी पद्मिनी अजून अनेक अंगणांत उभ्या आहेत. आकुर्डीहून १९७२ पासून चेतक निघाली. मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेट तयार होऊ लागली, म्हैसूरला जावा आणि मग येझदी. या गाड्यांनी दोन पिढ्यांचे मेकॅनिक घडवले. साध्या पान्यांनी त्या पूर्ण खोलता येतात, म्हणून घरी काम करणाऱ्याची पहिली गाडी सहसा यांपैकीच एखादी असते.

टायमिंग लावण्याच्या रीती या मेकॅनिकांच्या हातूनच रुजल्या. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पसरलेली रीत कानाची. इंजिन चालू ठेवून डिस्ट्रीब्युटर फिरवायचा, आवाज सर्वांत गोड येतो तिथे थांबायचं, मग किंचित मागे घ्यायचा. ज्याने हजारो इंजिनं ऐकली आहेत त्या मिस्त्रीच्या हातात ही रीत खरोखर काम करते, आणि प्रस्तुत पुस्तक त्या अनुभवाचा मान राखतं. पण तिची एक पूर्वअट आहे: बाकीचं इंजिन बरोबर असलं पाहिजे. कॅम एक दात मागे बसलेला असेल, तर कान डिस्ट्रीब्युटर जास्त ॲडव्हान्स करून तात्पुरतं समाधान मिळवतो. गाडी आयडलिंगला चालते आणि घाटात नॉक करते. ताज्या बांधणीच्या इंजिनासाठी ही रीत शेवटी वापरावी, सुरुवातीला कधीच नाही.

दुसरी रीत इंजिन बंद ठेवून करायची, स्टॅटिक. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहायचं. कुणी पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून तो सुटतो तो क्षण पकडतो, कुणी बारा व्होल्टचा बल्ब लावतो. कॉइलकडून पॉइंटला जाणाऱ्या टर्मिनलवर बल्बची एक वायर आणि दुसरी बॉडीला. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटला तर बल्बचीही गरज नाही. इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने हळू फिरवलं की अँमीटरचा काटा पॉइंट मिटल्यावर किंचित डिस्चार्जकडे झुकतो आणि उघडताच मध्यावर येतो. बुलेटवाले किक मारण्याआधी काटा मध्यावर आणतात तो याच हिशेबाने.

तिसरी रीत टायमिंग लाइटची. एक नंबरच्या प्लगला ठिणगी गेली की दिवा चमकतो आणि फिरत्या पुलीवरची खूण जागीच थांबल्यासारखी दिसते. ॲडव्हान्सची वजनं उघडतात की अडकली आहेत, हे चालू इंजिनात डोळ्यांनी दाखवणारी ही एकमेव सोपी रीत. घरच्या कामासाठी स्टॅटिक आणि टायमिंग लाइट या दोन्ही रीती शिकाव्यात, कारण एक सुरुवातीची जागा देते आणि दुसरी वेगानुसार काय घडतं ते दाखवते. चौथी रीत व्हॅक्यूम गेजची. समुद्रसपाटीला निरोगी चार सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याचा स्थिर व्हॅक्यूम दाखवतं. टायमिंग उशिरा असेल तर काटा स्थिरच राहतो, पण खाली. इथे एक गोष्ट बहुतेक परदेशी पुस्तकं वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही: दर हजार फुटांना हा आकडा सुमारे एक इंच उतरतो. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, तिथे जवळपास दोन इंच कमी येणारच. महाबळेश्वरला चार-साडेचार. पुण्यात १६ इंच दिसले म्हणून टायमिंग पुढे ढकलणारा माणूस ठीक असलेलं इंजिन बिघडवतो.

यांपैकी स्टॅटिक आणि टायमिंग लाइट या रीती शेवटी एका गृहीतकावर उभ्या आहेत, ते म्हणजे पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण खरी आहे. बांधणीनंतर नेमकं तेच गृहीतक धरता येत नाही. पुलीच्या मधला रबर म्हातारा होऊन बाहेरची कडी सरकलेली असू शकते. फ्लायव्हील दुसऱ्या मॉडेलचं असू शकतं. टायमिंग कव्हर दुसऱ्या गाडीचं, त्यावरचा काटा वेगळ्या जागी. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: बांधलेल्या इंजिनात खुणेवर विसंबू नका, टीडीसी स्वतः शोधा, आणि बाकी सगळं त्यावरून मोजा.

टीडीसी शोधणं वाटतं तेवढं सोपं नाही, आणि पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग इथे आहे. जुन्या ३५० बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. वरच्या टोकाला पिस्टन जवळजवळ थबकतो. टीडीसीपासून फक्त ०.०५ मिलिमीटर खाली यायला क्रँकला अडीच अंशांच्या आसपास फिरावं लागतं, आणि वर येतानाही तितकंच. म्हणजे पिस्टन ‘अगदी वर’ आहे असं वाटत असताना क्रँक पाच अंश फिरून गेलेला असतो. प्लगच्या भोकातून पेन्सिल किंवा स्पोकची तार घालून टीडीसी ठरवणाऱ्याची चूक इथे होते. बुलेटचा प्लग तिरका असल्यामुळे तार नीट वरखालीही होत नाही, म्हणून घोळ आणखी वाढतो.

यावरचा उपाय सगळ्यांना परवडणारा आहे. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं अंग काढून टाकायचं, त्याच्या लोखंडी चुडीत एक बोल्ट बसवायचा आणि तो हेडमध्ये घट्ट करायचा. बोल्टचं टोक गोल आणि गुळगुळीत घासलेलं हवं. व्हॉल्व्ह त्याला लागू नयेत म्हणून रॉकर मोकळे सोडायचे. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावायची. कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली चालते. मग इंजिन हाताने, अगदी हलक्या जोराने फिरवायचं. पिस्टन बोल्टला टेकला की चकतीवर खूण करायची. उलट दिशेने फिरवत न्यायचं, दुसऱ्या बाजूने टेकला की तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये टीडीसी. पिस्टन टोकाला थबकतो त्या जागेवर ही रीत अवलंबून नाही. तो वेगाने सरकत असतो अशा दोन जागी ती मोजते. बोल्ट तिरका असला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही वेळा पिस्टन त्याला सारख्याच उंचीवर भेटतो.

हे करून झालं की बुलेटच्या पॉइंटचा ०.८ मिलिमीटर हा आकडा, म्हणजे ॲडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना टीडीसीच्या आधी पॉइंट उघडण्याची जागा, चकतीवर साधारण साडेनऊ ते दहा अंश भरतो. मिलिमीटरमध्ये तीन दशांशाची गफलत झाली तर अंशांत दोनाची होते. एक सूचना इथे जरूर ध्यानात घ्यावी: आधी पॉइंटची फट, मग टायमिंग. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि लावलेलं टायमिंग पुढे सरकतं. हा क्रम उलटा केल्यामुळे दोनदा-तीनदा तेच काम करत बसलेले हौशी मेकॅनिक पुष्कळ आढळतात.

टीडीसी हातात आलं की मग प्रश्न येतो, कुठलं टीडीसी? क्रँक दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. पद्मिनी किंवा अँबॅसिडर घरी बांधणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक हीच: डिस्ट्रीब्युटर दुसऱ्याच टीडीसीला बसवणं, म्हणजे १८० अंश उलटा. दोन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, त्यामुळे एक नंबरला जायची ठिणगी चार नंबरला जाते आणि इंजिन सेल्फवर फिरत कार्ब्युरेटरमधून भडका काढतं. ओळखायला साधनच लागत नाही. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा. हवा अंगठा ढकलत असेल तर ते कॉम्प्रेशन. किंवा टॅपेट कव्हर काढून पाहा: एक नंबरचे दोन्ही टॅपेट ढिले, म्हणजे फट असलेले, असतील तर ठिणगी तिथे हवी. त्याच वेळी चार नंबरचे दोन्ही रॉकर हलत असतील, एक मिटत आणि एक उघडत.

एका दाताच्या चुकीची ओळख जरा अवघड. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या चुकीवर बहुतेक इंजिनं चालू होतात आणि म्हणूनच ती फसवतात. कॅम मागे बसला असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, खालच्या वेगात दम राहत नाही आणि कॉम्प्रेशन गेजवर सगळ्या सिलिंडरचे आकडे सारखेच कमी येतात. नव्या रिंगनंतर एखादा सिलिंडर कमी आला तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचा संशय धरा. सगळेच सारखे कमी आले तर आधी चेन पाहा. कॅम वरच्या हेडमध्ये असलेल्या इंजिनांत आणखी एक बारकावा आहे. हेड फेस केलं की कॅम खाली येतो आणि किंचित मागे पडतो. अर्धा मिलिमीटर फेसिंगला क्रँकच्या हिशेबात साधारण एक अंश. एकदा फेस केलेलं हेड पुन्हा पुन्हा फेस होत गेलं, तर खुणा जुळूनही कॅम मागे असतो. आणि आयडलर गिअर असलेल्या काही इंजिनांत एकदा जुळलेल्या खुणा पुढचे बरेच फेरे जुळतच नाहीत. तिथे घाबरून पुन्हा खोलू नये.

टू-स्ट्रोकचं जग वेगळं. चेतक, येझदी किंवा राजदूतला व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे कॅमची चूक होऊच शकत नाही. पण फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतं आणि त्याची जागा एक छोटी अर्धचंद्राकृती चावी राखते. खरी पकड त्या निमुळत्या भागाची असते, चावी फक्त जागा दाखवते. निमुळत्या भागावर तेलाचा अंश राहिला किंवा नट पुरेसा आवळला नाही की फ्लायव्हील घसरतं, चावी कापली जाते आणि टायमिंग वाटेल तिकडे जातं. बाहेरून सगळं जागेवरच दिसतं. टू-स्ट्रोकची ठिणगी फार चुकली तर इंजिन उलटंही फिरतं, आणि गिअर टाकला की गाडी मागे जाते. जर्मनीच्या मेसरश्मिट केआर २०० या छोट्या गाडीने तर याचाच उपयोग रिव्हर्ससाठी करून घेतला होता. इंजिन उलट दिशेने सुरू करायचं आणि पुढचे चारही गिअर मागे चालायचे.

या पुस्तकाचा एक मोठा भाग टायमिंगसारख्या दिसणाऱ्या पण टायमिंग नसलेल्या दोषांना दिला आहे, आणि ते योग्यच आहे. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, सावकाश जळतं आणि लक्षणं अगदी उशिराच्या ठिणगीसारखी दिसतात. नव्याने घासलेले व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसल्यामुळे टॅपेट आवळले जातात आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरते मिटत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं ऑइल सील गळलं की मिश्रण तसंच पातळ होतं. कंडेन्सर खराब असेल तर पॉइंट जळतात आणि गाडी मिसिंग करते. डिस्ट्रीब्युटरची वजनं साफ करताना दोन स्प्रिंगांची अदलाबदल झाली की आयडलिंग सुरेख आणि वेग वाढवला की सगळं विस्कटलेलं. यांपैकी कशावरही डिस्ट्रीब्युटर फिरवणं हा इलाज नाही.

आज या पुस्तकाची गरज वाढली, त्याला एक ठोस कारण पंपावर आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटिंगवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ पडतं. मॅन्युअलमधल्या आकड्यावर टायमिंग काटेकोर लावूनही जुनी गाडी ओढत नाही, तर आधी जेट आणि फ्लोट पाहावेत, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅमही पाहावेत. टायमिंगला हात लावणं त्यानंतरचं. दुसरं कारण माणसांचं. पॉइंटवर हात बसलेले मिस्त्री आता थकले आहेत, आणि त्यांच्या जागी आलेली मुलं स्कॅनर लावून काम करतात. ती कुशलच आहेत, पण बल्ब लावून पॉइंट उघडण्याचा क्षण पकडण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नाही. त्याच वेळी जुन्या गाड्यांचं मोल वाढतं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. अशी गाडी घरी जपणाऱ्याला मराठीत सांगणारं कुणी हवं होतं.

पुस्तकाने काय केलेलं नाही, तेही सांगायला हवं. डिझेलला ते हात लावत नाही. किर्लोस्करच्या शेतीच्या इंजिनात ठिणगी नसते, तिथे पंपातून डिझेल कधी सुटतं हे टायमिंग. सिंगल सिलिंडर टीव्ही-१ इंजिनाला ते साधारण टीडीसीच्या २३ अंश आधी असतं आणि पंपाखालच्या शिमने बदलतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या विद्येचे तज्ज्ञ आहेत आणि तिचं वेगळं पुस्तक व्हायला हवं. प्रत्येक मॉडेलचे आकडे देणारा तक्ताही इथे नाही. त्यासाठी आपल्या गाडीचं मॅन्युअलच प्रमाण. दोष शोधायचा क्रम मात्र सगळ्या इंजिनांना लागू पडेल असा दिला आहे: टीडीसी, मग कॅम, मग पॉइंट किंवा पिकअप, मग ॲडव्हान्स, आणि इंधन सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली वहीत लिहून ठेवायची, हा आग्रह पानोपानी आहे. तो काहींना जाचक वाटेल. पण दोन चुका एकमेकींना झाकत असताना दुसरा मार्ग नाही.

वाचकांनी एवढं जरूर करावं. इंजिन खोलण्याआधी, ते चालत असेल तर, टायमिंग आणि कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. डिस्ट्रीब्युटर काढण्याआधी रोटर कुठे बघतो त्याचा फोटो घ्या. इंजिन बांधून झालं की सगळे प्लग काढा आणि क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. पिस्टन व्हॉल्व्हला लागत असण्याची शक्यता आहे. सेल्फ किंवा किकला हात घालायचा तो हे दोन फेरे मोकळे गेल्यावरच.